अधिकाची खूण

दया भिंगारदिवे मूळची कोल्हारची. तिचे वडील यशया गुरुजी तिथल्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत. दयाला पेटी आली नाही, गणित आलं. बारावीनंतर तिनं टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि जवळच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. १९९१ साली त्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. साहेबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. दोन महिने ते कव्हर कुणी काढलं नाही. शेवटी दयानं काढलं. सोबत आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं, आणि ते वाचायची इच्छा असलेली ऑफिसात ती एकटीच होती.

सहा वर्षांनी ती नगरला आली, सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला. लग्नाचा विषय घरात अधूनमधून निघायचा आणि चहा होईपर्यंत संपायचा. गुरुजी निवृत्त झाले होते. आईची तब्येत बरी नसायची, म्हणून तिघंही नगरलाच राहू लागले.

आईचं ऑपरेशन त्याच वर्षी झालं. डॉक्टरांनी सकाळी रक्ताच्या दोन पिशव्या सांगितल्या आणि दया सायकल घेऊन ओळखीच्या घरांतून फिरली. कुणाचा रक्तगट कुणाला माहीत नव्हता. ज्यांना माहीत होता त्यांचा जुळत नव्हता. दुपारपर्यंत अकरा नावं झाली, त्यातली दोन उपयोगाची निघाली. आई त्यातून वाचली आणि पुढं वर्षभरानं दुसऱ्याच आजारानं गेली. पण ती अकरा नावं दयानं टाकली नाहीत. क्लासातल्या कॉम्प्युटरवर तिनं ती चढवली, मग क्लासातल्या मुलामुलींची, मग त्यांच्या नातेवाइकांची. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीपर्यंत यादी चारशेवर गेली.

त्या वेळी नगरमध्ये इंटरनेट म्हणजे चैनीची गोष्ट होती. मोडेमनं पुण्याला फोन लावायचा, तो चारदा कटायचा, पाचव्यांदा लागला तर एकेक पान वरून खाली पडदा सोडल्यासारखं उतरायचं. दयानं परदेशातल्या एका कंपनीची फुकटची जागा मिळवली आणि यादी तिथं ठेवली. रक्तगट निवडायचा, बटण दाबायचं, की त्या गटाच्या दात्यांची नावं आणि फोन नंबर समोर. त्यामागचा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता. शिकवायला कोणी नव्हतं. क्लासच्या प्रिंटरवर काढलेली इंग्रजी पानं आणि चुका, एवढ्यावर ती शिकली.

यादीचा खरा वापर करणारा माणूस म्हणजे गहिनीनाथ शेळके. शहरातल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत तो क्लार्क होता, वय पन्नाशीच्या आसपास, सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. रक्तपेढीनं कॉम्प्युटर घेतला होता, पण माउस काही भाऊसाहेबांच्या हाती बसत नव्हता. गट निवडायची ती लांबलचक पट्टी खाली ओढता ओढता निसटायची आणि ए ऐवजी एबी निवडलं जायचं. दोनदा तसं झाल्यावर त्यांनी दयाला फोन करून सांगितलं की मॅडम, आठच गट हाईत, तर आठ मोठी अक्षरंच द्या ना वर, दाबलं की झालं.

दयाला ते पटलं. डिसेंबरात तिनं पट्टी काढून टाकली आणि पानावर आठ मोठी अक्षरं ठेवली. प्रत्येक अक्षराच्या मागं एक पत्ता होता आणि पत्त्याच्या शेवटी तो गट लिहिलेला. ए पॉझिटिव्ह असेल तर ए आणि पुढं अधिकाची खूण, निगेटिव्ह असेल तर उण्याची. तिनं ओ पॉझिटिव्ह दाबून पाहिलं. ते तिचं स्वतःचं रक्त. यादी उतरली, तिसऱ्या ओळीत तिचं नाव दिसलं. तिनं भाऊसाहेबांना कळवलं की झालं काम.

त्याच बैठकीत तिनं आणखी दोन गोष्टी केल्या. यादीत नावं भरणाऱ्या पोरांनी गट हवा तसा लिहिला होता, कुठं खूण, कुठं पॉझिटिव्ह असा पूर्ण शब्द. म्हणून हुबेहूब जुळणारं काही सापडलं नाही, तर पहिलं अक्षर जुळणारी नावं दाखव, असं तिनं प्रोग्रामला सांगून ठेवलं. आणि पान लवकर उतरावं म्हणून नावापुढचा गटाचा रकाना काढून टाकला. मथळ्यात गट दिसतोच, पुन्हा प्रत्येक ओळीत कशाला, असा विचार.

यादीत सर्वांत वर नाव यायचं ते मच्छिंद्र साबळेचं, कारण जास्त वेळा रक्त दिलेली माणसं वर दाखवायची असं दयानंच ठरवलं होतं. मच्छिंद्र सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. रक्त बी निगेटिव्ह, दुर्मीळ. कारखान्याच्या ऑफिसात फोन केला की तो सुपरवायझरला सांगून एसटीनं नगरला यायचा, रक्त द्यायचा, बिस्किटाचा पुडा न खाता खिशात टाकायचा आणि परत जायचा. कुणासाठी दिलं ते त्यानं कधी विचारलं नाही. नव्याण्णव साली तो फेब्रुवारीत आला, जूनमध्ये आला, सप्टेंबरच्या वीस तारखेला आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दयाला क्लासात भाऊसाहेबांचा फोन आला. शेवगावजवळच्या एका वस्तीवरून नगरच्या दवाखान्यात बाळंतीण आणली होती, वृषाली नाव, वय चोवीस. मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. गट बी निगेटिव्ह. भाऊसाहेबांनी ते अक्षर दाबलं तर यादीत दोनच नावं आली. एकाचा फोन बंद, दुसरा कामासाठी सुरतला गेलेला. ओ निगेटिव्हचंही चाललं असतं, पण त्याचाही दाता त्या सकाळी मिळाला नाही.

“मॅडम, निगेटिव्हमधी मच्छिंद्र कसा काय दिसंना?” त्यांनी विचारलं.

दयानं स्वतःकडची मूळ यादी उघडली. मच्छिंद्र होता, पण शेवटचं रक्त दिल्याला महिनाही पुरता झाला नव्हता. तीन महिन्यांच्या आत दिलेल्याचं नाव दाखवायचं नाही, हाही तिचाच नियम. तिनं तसं सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले की मग पुण्यालाच कळवतो, आणि फोन ठेवला. पण राहवलं नाही म्हणून त्यांनी सुप्यालाही फोन केला. मच्छिंद्र आला. कारखान्यात सकाळी यंत्रांची पूजा झाली होती, कपाळाला कुंकू तसंच होतं. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं बोट टोचून रक्त तपासलं आणि नको म्हणाल्या. अंगात पुरेसं नव्हतं. घ्या, मला काही होत नाही, असं तो दोनदा म्हणाला. त्या नाही म्हणाल्या. मग तो घरी न जाता बाहेर बाकड्यावर बसून राहिला.

पुण्याहून पिशव्या जीपनं दुपारी तीनच्या पुढं पोचल्या. वृषाली वाचली. पण तोवर रक्तस्राव थांबवायला डॉक्टरांना तिची गर्भपिशवी काढावी लागली होती. रक्त आधी मिळालं असतं तर ती राहिली असती का, असं नंतर दयानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “राहिली असती असंही सांगता येत नाही, नसती असंही नाही.”

पण ते नंतर. त्या दिवशी दयाला एवढंच वाटलं की नशीब वाईट, तीन माणसं आणि तिन्ही निरुपयोगी. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर ती रक्तपेढीत गेली ती पिशव्यांची चौकशी करायला. बोलता बोलता तिनं सहज विचारलं की सप्टेंबरात मच्छिंद्रनं ज्याला रक्त दिलं तो बी निगेटिव्हचा पेशंट कोण होता. भाऊसाहेबांनी रजिस्टर काढून पान उलटलं. पित्ताशयाच्या ऑपरेशनचा एक म्हातारा होता, गट बी पॉझिटिव्ह.

दयाला वाटलं लिहिण्यात चूक झाली असेल. मग त्यांनी जूनचं पान काढलं. तिथंही बी पॉझिटिव्ह. फेब्रुवारीतही तेच.

“तुम्ही निगेटिव्हचा माणूस पॉझिटिव्हसाठी का बोलावला, भाऊसाहेब?”

भाऊसाहेब गोंधळले. ते म्हणाले की बी पॉझिटिव्ह दाबलं, पहिलं नाव मच्छिंद्रचं आलं, फोन केला, माणूस आला. लॅबमध्ये तपासताना निगेटिव्ह निघालं खरं, पण निगेटिव्हचं रक्त पॉझिटिव्हला चालतं, उलटं चालत नाही, म्हणून कुणी काही म्हणालं नाही. पिशवी लावली, पेशंट घरी गेला. यादीच्या मथळ्यात नुसतं बी दिसायचं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण सगळं जग बी पॉझिटिव्हला बोलताना नुसतं बीच म्हणतं.

दया तिथंच त्यांच्या खुर्चीवर बसली. मोडेम सातव्या वेळी लागला. तिनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, की तुला जे मिळालं ते दोन उभ्या रेघांच्या मध्ये छापून दाखव. मग बी पॉझिटिव्ह दाबलं. पडद्यावर रेघ आली, बी आला, मग एक रिकामी जागा, मग दुसरी रेघ. अधिकाची खूण वाटेत कुठं तरी गळाली होती.

क्लासच्या प्रिंटरवर काढलेली ती इंग्रजी पानं एका पिशवीत तिच्याबरोबरच होती. तिनं ती उघडली आणि तासाभरानं तिला हवी ती ओळ सापडली. वर्षापूर्वी तिनं ती वाचली होती, खाली पेन्सिलची रेघसुद्धा होती. रेघ मारून ती पुढं गेली होती.

गोष्ट साधी होती. इंटरनेटच्या पत्त्यात रिकामी जागा चालत नाही. म्हणून तिथं रिकाम्या जागेच्या बदली अधिकाची खूण लिहायचा रिवाज पडला. पलीकडचा प्रोग्राम अधिक दिसलं की जागा सोडतो. मग ज्याला खरोखरचं अधिक पाठवायचं असेल त्यानं ते तसं लिहून चालत नाही. टक्क्याची खूण, मग दोनचा आकडा, मग इंग्रजी बी (त्याचा रक्तगटाशी संबंध नाही), असं तीन खुणांत लिहावं लागतं. आधीची पट्टी होती तेव्हा हे काम पान दाखवणारा ब्राउझर आपल्या आपण करत होता, म्हणून कधी अडलं नाही. दयानं भाऊसाहेबांच्या सोयीसाठी पत्ते हातानं लिहिले आणि ते काम तिच्यावर आलं. ते तिला ठाऊकच नव्हतं. उण्याच्या खुणेला पत्त्यात दुसरा अर्थ नाही, म्हणून निगेटिव्हचे चारही गट शाबूत राहिले. पॉझिटिव्हचे चारही मोडले. नुसत्या बीशी जुळणारं काही सापडत नव्हतं, म्हणून प्रोग्राम तिनंच शिकवल्याप्रमाणे पहिल्या अक्षरावर गेला आणि बीचे सगळे, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, एकत्र दाखवू लागला. रकाना काढलेला असल्यामुळं कोण कुठला ते दिसेना. आणि ओ पॉझिटिव्ह दाबून तिनं पाहिलं तेव्हा तिचं नाव दिसायचंच होतं. ओचे सगळेच दिसत होते.

तिनं हे भाऊसाहेबांना समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. तरुणपणी त्यांनी सात वर्षं तार ऑफिसात रोजंदारी केली होती. ते म्हणाले, “आमच्यात शुभेच्छेच्या तारेला नंबर असायचे. तारेत नुसता आकडा धाडायचा, तिकडचा माणूस त्याचं आख्खं वाक्य करून लिहायचा. तसंच हाय का हे?”

दया म्हणाली, तसंच आहे.

“आन् एखाद्याला तो आकडाच धाडायचा असंल तर?”

“तर तो अक्षरांत लिहावा लागतो. तेच माझं चुकलं.”

चार पत्त्यांत अधिकाच्या जागी त्या तीन तीन खुणा लिहायला तिला पाच मिनिटं लागली. रकाना तिनं परत आणला, पूर्ण शब्दांत लिहिलेले गट खुणेत बदलले, पहिल्या अक्षरावर जाण्याची ओळ पुसली, आणि मग आठही गट एकेक करून दाबले. या वेळी नावं नाही, नावापुढचे गट वाचत गेली. मग दहा महिन्यांचं रजिस्टर घेऊन बसली. निगेटिव्हच्या दात्यांना पॉझिटिव्हसाठी अकरा वेळा बोलावलं गेलं होतं. तीन वेळा एकटा मच्छिंद्र.

डॉक्टरीणबाईंना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की कुणाला चुकीचं रक्त गेलेलं नाही, प्रत्येक पिशवी इथं तपासून लागते, तेव्हा हे बाहेर बोलायची गरज नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दयानं तरी एका कागदावर तारखेसकट चूक लिहून काढली, खाली सही केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि फाइलला लावला.

सुप्याला ती पुढच्या गुरुवारी गेली. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. जेवणाच्या सुट्टीत मच्छिंद्र तिथं आला. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, फक्त टाइप केलं होतं. सडपातळ माणूस, चाळिशीच्या आत, उजव्या हाताच्या दोन नखांखाली ग्रीसचं काळं. रक्तपेढीतून कुणी बाई आलीय म्हटल्यावर तो बाही वर करूनच आला. ती म्हणाली की रक्त नको आहे, सांगायला आले आहे.

तिनं पत्ता, खूण, जागा असलं काही सांगितलं नाही. माझ्या चुकीमुळं तुमचं रक्त तीन वेळा अशा माणसांना गेलं ज्यांना बी गटाच्या दुसऱ्या कुणाचंही चाललं असतं, एवढंच सांगितलं.

मच्छिंद्रनं चहाचा कप खाली ठेवला. “पर त्या तिघांना चाललं ना माझं?”

“चाललं.”

“जगले?”

“जगले.”

“मंग चुकलं कुठं?”

दयानं शेवगावच्या बाईचं सांगितलं. बाकड्यावर बसून राहिल्याचं त्याला आठवत होतंच. बाई वाचली हेही त्याला त्याच दिवशी कळलं होतं. गर्भपिशवीचं माहीत नव्हतं. कारखान्याचा भोंगा झाला, माणसं आत जाऊ लागली, तरी तो उठला नाही.

“मला वाटायचं, आपलं रक्त कमी सापडतं म्हनूनच बोलावत्यात,” तो म्हणाला. “लई अभिमान वाटायचा. घरी बी सांगायचो.”

दयानं विचारलं, यादीतून तुमचं नाव काढू का. तो म्हणाला, “न्हाई, नाव राहू द्या. पर हितून पुढं फोन करताना आधी सांगायचं, पेशंटचा गट कुठला हाय ते. पॉझिटिव्ह असंल तर मी यायचो न्हाई. राग म्हनून न्हाई. राखून ठेवायचं म्हनून.”

तो आत गेला. दयानं चहाचे पैसे द्यायला पर्स उघडली तर टपरीवाला म्हणाला, साबळे देऊन गेले.

घरी आल्यावर तिनं गुरुजींना सगळं सांगितलं आणि विचारलं की शेवगावला जाऊन त्या बाईला सांगायला हवं का. गुरुजी पेटीचा भाता दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि तिला उलट विचारलं, की सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगणार. माझ्यामुळं झालं असं सांगणार, की माझ्यामुळं झालं नाही असं. दया म्हणाली की तेच तर मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. गुरुजी म्हणाले, “मग तू तिच्या दारात एक प्रश्न ठेवून येशील, आणि उत्तर तुझ्याकडं नसेल.”

दया शेवगावला गेली नाही. बरोबर केलं की चूक, हे तिनं ठरवलं नाही. पुढं क्लासात शेवगावचं कुणी आलं की ती त्यांना गावाबद्दल काहीबाही विचारायची, बाजार कधी भरतो, एसटी किती वाजता सुटते, आणि मग शिकवायला लागायची.

त्या हिवाळ्यात तिनं निगेटिव्हच्या एकोणीस दात्यांना पत्रं लिहिली. मच्छिंद्रनं सांगितलेली अट सगळ्यांना कळवली, आधी पेशंटचा गट विचारा, मग या. चौदा जणांची उत्तरं आली. एकानं नाव काढायला सांगितलं. एका बाईनं लिहिलं की तिच्या बहिणीचाही हाच गट आहे, ती राहुरीला असते, तिचंही नाव घाला.

क्लासात ती पत्त्यांचा हा धडा तिसऱ्या दिवशीच घेऊ लागली. फळ्यावर खुणा लिहायची, अधिक, टक्का, ‘आणि’ची इंग्रजी खूण, प्रश्नचिन्ह, आणि मुलांना विचारायची की यातली कुठली खूण पत्त्यातून जशीच्या तशी पलीकडं पोचेल. मुलं अंदाज करायची. ती उत्तर सांगायची नाही, प्रत्येकाला मशीनवर बसवून पाठवून बघायला लावायची, आणि पलीकडं काय पोचलं ते वहीत लिहून घ्यायची. मुलांना तो धडा कंटाळवाणा वाटे.

डिसेंबरात रक्तपेढीचा फोन आठवडाभर बंद पडला, तेव्हा भाऊसाहेबांनी दयाकडून सगळी यादी कागदावर छापून घेतली आणि भिंतीला चिकटवली. छपाईत खुणा फार बारीक आल्या होत्या, लांबून अधिक कुठलं आणि उणे कुठलं ते कळेना. मग त्यांनी चष्मा लावला, लाल शाईचा पेन घेतला आणि चारशेवर गेलेल्या सगळ्या नावांपुढं एकेक करून शब्दांत लिहिलं, अधिक, उणे, अधिक, अधिक. त्यात त्यांची सबंध दुपार गेली. फोन सुरू झाल्यावरही तो कागद त्यांनी काढला नाही.